तीनशे हात लांबीचे तारू : केंटकीतील ‘आर्क एन्काउंटर’

मराठी बायबलमध्ये नोहाच्या जहाजाला ‘तारू’ म्हटलेले आहे. नगरच्या शब्बाथ शाळेत ती गोष्ट ऐकताना तारू, तारण आणि तारणारा हे तिन्ही शब्द एकाच कुळातले आहेत, हे आम्हां मुलांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. ते कानालाच कळत असे. फ्लॅनेलच्या फडक्यावर कापडी हत्ती, कापडी जिराफ आणि पांढऱ्या दाढीचा नोहा चिकटवून ती गोष्ट सांगणाऱ्या बाई म्हणजे माझी आई, आणि पुढे चाळीस वर्षे ती हेच करत राहिली. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे ओहायो राज्यातील कोलंबसला राहायला आली, तेव्हा नायगाराच्याही आधी तिने जे ठिकाण मागितले, ते शेजारच्या केंटकी राज्यातील विल्यम्सटाउन गावचे ‘आर्क एन्काउंटर’ होते. बायबलमध्ये दिलेल्या मापांनुसार बांधलेले तारू तिथे उभे आहे, असे तिच्या मंडळीतल्या कोणीतरी तिला फोनवर दाखवले होते.

आम्ही दोन दिवस काढले : पहिला तारवासाठी आणि दुसरा त्याच संस्थेच्या, पीटर्सबर्ग येथील ‘क्रिएशन म्युझियम’साठी. दोन्ही ठिकाणे बायबलचा शब्दशः अर्थ घेणाऱ्या ‘आन्सर्स इन जेनेसिस’ या संस्थेची आहेत. एके काळी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये विज्ञान शिकवणारे केन हॅम हे तिचे संस्थापक. संस्था १९९४ सालची, संग्रहालय २००७ सालचे, आणि तारू ७ जुलै २०१६ रोजी लोकांसाठी खुले झाले. ही तारीख सहज निवडलेली नाही, कारण बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातील सातव्या वचनात नोहा आपल्या कुटुंबासह तारवात शिरतो. तिकीट, जेवण आणि बसायच्या सोयी यांविषयी मी पुढे लिहीनच. परंतु येथे येणाऱ्याला तिकिटाच्या बदल्यात मुख्यतः एक भूमिका दाखवली जाते. आजच्या काळात मूलतत्त्ववादी ख्रिस्ती असणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे लाकूड, काँक्रीट आणि फलक यांतून दिलेले ते उत्तर आहे, आणि परीक्षण करायचे तर त्या उत्तराचेही करायला हवे.

आधी लाकडाविषयी. सिनसिनाटीपासून दक्षिणेला आय-७५ महामार्गाने सुमारे ४० मैल गेल्यावर विल्यम्सटाउन येते. गाडी वाहनतळावर लावून, तिकीट घेऊन, संस्थेच्या बसने पुढे जावे लागते, आणि बस चढ ओलांडते तेव्हा समोरच्या मोकळ्या गवतावर ते अचानक दिसते. ५१० फूट लांब, ८५ फूट रुंद आणि ५१ फूट उंच : एसटीच्या चौदा गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम पोहोचतील. आई बसमधून उतरली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मीही नाही. जमिनीपासून वर काँक्रीटच्या खांबांवर उचलून धरलेला तो लाकडी देह, त्याची वर वळत गेलेली टोके आणि त्याखालून आत जाणारी माणसांची रांग पाहिली की संस्थेशी आपले मतभेद कितीही असोत, बांधणाऱ्यांना मनातल्या मनात हात जोडावेसे वाटतात. आतली तुळयांची चौकट तर मी तासभर मान वर करून पाहिली असती. एकेक ओंडका माणसाच्या मिठीत न मावणारा आहे, आणि जोडकामात आमिश सुतारांचा मोठा वाटा आहे. वीज आणि मोटार यांपासून दूर राहणाऱ्या त्या पंथाच्या लोकांनी हे काम केले आहे, हे पाहताना आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचे माळवद आणि सागवानी खांब आठवल्याशिवाय राहत नाहीत.

मात्र हे तारू तरणारे नाही. पाठीमागच्या बाजूला गेले की लक्षात येते की लाकडी देहाला काँक्रीटचे मनोरे जोडलेले आहेत आणि लिफ्ट, जिने, स्वच्छतागृहे असे जे आधुनिक इमारतीला लागते ते सगळे त्यांच्या पोटात आहे. यात लपवाछपवी काहीच नाही. तरीही ही गोष्ट मला दिवसभर आठवत राहिली, कारण आतल्या प्रदर्शनाची रचनाही काहीशी तशीच आहे.

मापांचे घ्या. बायबल सांगते तीनशे हात, पन्नास हात आणि तीस हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, हे आपल्याला सांगावे लागत नाही. अठरा हाती लुगडे नेसणारी पिढी आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलेली आहे. पण कोणाचा हात? बायबल ते सांगत नाही. साधारण माणसाचा हात दीड फुटाचा धरला तर तारू ४५० फुटांचे होते. येथे प्राचीन राजमापांच्या आधाराने २०.४ इंचांचा लांब हात निवडला आहे आणि म्हणून ५१० फूट. निवड वाजवी आहे आणि तिचे कारणही फलकावर दिले आहे. पण ती निवड आहे. शास्त्रवचनात न लिहिलेले काहीतरी माणसाने ठरवून घातलेले आहे. शब्दशः अर्थ घ्यायचा असा ज्यांचा आग्रह, त्यांनाही तारू उभे करण्यासाठी पहिल्याच मापाला अर्थ लावावा लागला.

असे पुढे सर्वत्र होते. तिसऱ्या मजल्यावर नोहाच्या कुटुंबाच्या राहण्याच्या खोल्या आहेत : विणलेल्या चटया, टांगलेल्या भाज्या, स्वयंपाकाची भांडी, खिडकीतल्या कुंड्या, सारे इतके निगुतीने मांडलेले की क्षणभर कोणी आत्ताच उठून गेले असावे असे वाटते. नोहाच्या बायकोचे नाव बायबलमध्ये कोठेही नाही, सुनांचीही नाहीत. येथे तिला एम्झारा म्हटले आहे, आणि ते नाव ‘जुबिलीज’ या ग्रंथात आढळते, जो प्रॉटेस्टंट बायबलचा भाग नाही. सुनांची नावे, त्यांचे पूर्वायुष्य, त्यांच्या आवडीनिवडी कल्पनेने रचल्या आहेत आणि तसे प्रामाणिकपणे लिहिलेही आहे. आईला हा भाग सर्वांत आवडला. “बघ, बायांना नावं तरी मिळाली,” ती म्हणाली. मलाही तो आवडला; फक्त हेच स्वातंत्र्य दुसऱ्या कोणी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील ‘दिवस’ या शब्दाबाबत घेतले, तर त्याला तडजोड म्हटले जाते, हे त्या खोल्या पाहताना विसरता येत नाही.

सर्वांत खालच्या मजल्यावर अंधार आहे, वादळाचा आवाज आहे, पिंजऱ्यांच्या रांगा आहेत, मातीच्या घागरी आणि धान्याची पोती आहेत. काही पिंजऱ्यांत डायनासॉरची जोडपी आहेत. ते एवढ्या जागेत कसे मावले, याचे उत्तर असे की लहान पिल्ले घेतली असतील. शेणमुताचा निचरा कसा होत असेल, आठ माणसे एवढ्या जनावरांना चारापाणी कसे करत असतील, हवा कशी खेळत असेल, उजेड कोठून येत असेल, या प्रत्येक प्रश्नाला एक युक्ती, एक आकृती, एक छोटे यंत्र दाखवले आहे. हे सारे कल्पक आहे आणि मुलांना ते फार भावते. आईच्या पुढे उभा असलेला सातआठ वर्षांचा मुलगा शेण ओढून नेणाऱ्या योजनेसमोरून हलायलाच तयार नव्हता. मी मात्र चाळीस वर्षे ऐकलेल्या गोष्टीत हा प्रश्न कधी आला होता का, ते आठवू लागले. आला नव्हता. आमच्या शब्बाथ शाळेत प्रश्न असे : देवाला दुःख का झाले, नोहाने शेजाऱ्यांना सांगितले का, कबुतराने जैतुनाचे पान आणले तेव्हा त्यांना काय वाटले असेल. येथे धर्मकथेचे रूपांतर व्यवहार्यता-अहवालात झाले आहे, आणि हा बदल लहान नाही.

प्राण्यांच्या संख्येचा हिशेब तर थांबून वाचण्यासारखा आहे. आज पृथ्वीवर जमिनीवरील प्राण्यांच्या असंख्य जाती आहेत. त्या सगळ्या तारवात मावणार नाहीत, हे संस्थेला मान्य आहे. तोडगा असा : ‘आपापल्या जातीप्रमाणे’ या बायबलच्या शब्दांतील ‘जात’ म्हणजे आजच्या जीवशास्त्राची जात नसून साधारण कुळाएवढा मोठा गट. अशा गटांची संख्या सुमारे १,४०० धरली की प्राणी ७,००० च्या आत बसतात. म्हणजे मांजरकुळाचे एक जोडपे तारवातून उतरले आणि त्यापासून सिंह, वाघ, चित्ता आणि आपल्या घरातली मनी असे सारे झाले. हत्तीच्या एका जोडप्यापासून मॅमथ आणि मॅस्टोडॉन हे नामशेष प्राणी आणि आजचे हत्ती झाले. आणि हे घडायला वेळ मिळाला अवघा ४,३०० वर्षांचा, किंबहुना बहुतेक बदल त्यातल्या पहिल्या काही शतकांतच. उत्क्रांती नाकारण्यासाठी बांधलेल्या या इमारतीत जिवंत प्राण्यांच्या बदलाचा जो वेग गृहीत धरलेला आहे, तो मांडण्याचे धाडस डार्विनलाही झाले नसते. संस्थेचे म्हणणे असे की ही उत्क्रांती नव्हे, कारण मांजर मांजरच राहते. बरे. पण वाघ आणि मनी यांच्यामध्ये जे काही झाले, त्याला आपण काय म्हणायचे, हे मला तीन मजले हिंडूनही उमगले नाही.

येथे थोडे मागे जावे लागेल, कारण प्रदर्शनात एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि तीच मला सर्वांत खटकली. ती ही की येथे मांडलेली श्रद्धा म्हणजे पूर्वापार चालत आलेला, न बदललेला ख्रिस्ती विश्वास होय, आणि इतर सारे नंतर ढासळले. मराठीत ‘मूलतत्त्ववादी’ हा शब्द आपण शिवी दिल्यासारखा वापरतो, पण ज्यांच्यापासून तो आला त्यांनी तो अभिमानाने घेतला होता. १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत ‘द फंडामेंटल्स’ या नावाच्या बारा पुस्तिका निघाल्या. त्यांत नव्वद निबंध होते, खर्च कॅलिफोर्नियातील तेलव्यावसायिक लायमन स्टुअर्ट आणि त्यांचे बंधू मिल्टन यांचा होता, आणि त्या जगभरच्या पाळकांना व मिशनऱ्यांना फुकट पाठवल्या गेल्या. त्यावरून १९२० साली कर्टिस ली लॉज या बाप्टिस्ट संपादकाने ‘फंडामेंटलिस्ट’ हा शब्द घडवला. त्या पुस्तिकांत ख्रिस्ताचा कुमारी मातेपासून जन्म, त्याचे प्रायश्चित्त, त्याचे पुनरुत्थान आणि शास्त्राची अचूकता यांचा कडवा कैवार आहे. परंतु त्यांच्याच लेखकांत स्कॉटलंडचे जेम्स ऑर होते, ज्यांना उत्पत्तीतील दिवस चोवीस तासांचेच मानण्याची गरज वाटत नव्हती, आणि ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजचे जॉर्ज फ्रेडरिक राइट होते, जे स्वतः भूगर्भशास्त्राचे अभ्यासक होते आणि पृथ्वी फार प्राचीन आहे असे मानत होते. १९०९ सालच्या, तळटिपांसह छापलेल्या स्कोफील्ड बायबलने उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनामध्ये अगणित काळाचे अंतर राहू शकते अशी तळटीप दिली होती, आणि कित्येक पिढ्यांच्या मूलतत्त्ववाद्यांनी ती वाचून निश्चिंत झोप घेतली.

१९२५ च्या जुलैत टेनेसीतील डेटन येथे जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याचा खटला चालला. खटल्यात मूलतत्त्ववाद्यांची बाजू मांडणारे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी २० जुलैला साक्षीदार म्हणून उभे केले, तेव्हा ब्रायन यांनी सृष्टीचे दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही, हे सरळ मान्य केले. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला, आणि त्यानंतर आठवड्याच्या आतच ब्रायन वारले. आजच्या या संस्थेच्या दृष्टीने ब्रायन यांचे ते उत्तर म्हणजे पराभवाचे मूळ आहे. म्हणजे मूलतत्त्ववादाचा सर्वांत प्रसिद्ध योद्धा आजच्या मूलतत्त्ववादाच्या कसोटीला उतरत नाही.

मग ही संस्था सांगते ती सहा हजार वर्षांची पृथ्वी आणि सगळे खडक एका वर्षाच्या प्रलयात रचले गेले हा सिद्धान्त कोठून आला? आकडा जुना आहे. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ असा काढला होता. परंतु प्रलयाच्या आधारे भूगर्भशास्त्र नव्याने मांडण्याची खटपट मुख्यत्वे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केली, आणि तिला मोठ्या प्रमाणावर मान्यता मिळाली ती १९६१ साली, जॉन व्हिटकोम आणि हेन्री मॉरिस यांच्या ‘द जेनेसिस फ्लड’ या पुस्तकानंतर. व्हिटकोम धर्मशास्त्राचे अध्यापक होते आणि मॉरिस जलअभियंता. हे कळल्यावर मला खालच्या मजल्यावरच्या निचऱ्याच्या आकृत्यांचा उलगडा झाला. ही श्रद्धा अभियंत्याच्या टेबलावर घडलेली आहे, आणि तिचे वय माझ्या आईच्या वयापेक्षा फार जास्त नाही. आजचा मूलतत्त्ववादी ख्रिस्ती विज्ञान नाकारतो, असे म्हणणे म्हणूनच मला अपुरे वाटते. त्याला विज्ञानाची मोहोर इतकी हवी असते की ती मिळत नाही तेव्हा तो स्वतःची टांकसाळ काढतो. आमच्या आजोबांना, जे नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाळक होते आणि अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकले होते, अशा मोहोरेची कधी गरज वाटली नाही. बायबल त्यांच्या उशाशी असे आणि शाळेचे भूगोलाचे पुस्तक फळीवर असे, आणि दोघांचे भांडण त्या घरात कोणी ऐकले नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक छोटे दालन आहे, ज्यात मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकांतली, खेळण्यांतली गोंडस तारवे मांडली आहेत : गोलमटोल होड्या, छपरातून मान बाहेर काढलेले जिराफ, हसरा नोहा. सांगायचे असे आहे की ही चित्रे धोक्याची आहेत, कारण ती पाहून मूल प्रलयाला परीकथा समजू लागते, आणि प्रलय खोटा ठरला की स्वर्ग आणि नरकही खोटे वाटू लागतात. हे शेवटचे तर्कट एका सापाच्या तोंडी घातले आहे. आई तेथे बराच वेळ उभी होती. तिच्या फ्लॅनेलच्या फडक्यावरचा जिराफ अगदी असाच होता. मग ती म्हणाली, “म्हणजे चाळीस वर्षं मी सापाचं काम केलं म्हणायचं?” ती हसत होती, पण पूर्ण हसत नव्हती.

या दालनात आजच्या मूलतत्त्ववादाची खरी रचना दिसते, असे माझे मत आहे. संस्था असे म्हणत नाही की पृथ्वी प्राचीन मानणाऱ्याचे तारण होणार नाही. हॅम यांनी ते अनेकदा स्पष्ट केलेले आहे आणि त्यांच्याशी न्यायाने वागायचे तर ते सांगितले पाहिजे. त्यांचा आग्रह असा की पहिला अध्याय सोडला तर शेवटचा हातात राहणार नाही. विश्वास हा विणलेल्या वस्त्रासारखा नसून विटांच्या रांगेसारखा आहे, खालची वीट काढली की वरची पडते, अशी ही समजूत आहे. तिची ताकद उघड आहे : गोंधळलेल्या पालकाला ती एक स्पष्ट रेघ आखून देते. तिची किंमतही उघड आहे. ज्या मुलाला असे वाढवले आहे, त्याच्या हातात कॉलेजात गेल्यावर एक साधा जीवाश्म आला, तर त्याने ख्रिस्तालाच सोडावे लागेल, अशी व्यवस्था त्याच्या घरच्यांनीच करून ठेवलेली असते. कॅथॉलिक चर्चने ही वीट केव्हाच मोकळी केली. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही केवळ कल्पना राहिलेली नाही असे म्हटले, आणि वसईच्या किंवा गोव्याच्या माझ्या कॅथॉलिक मैत्रिणींना हा सगळा वाद परक्या मुलखातला वाटतो. अमेरिकेत मात्र तो घरचा आहे. गॅलप या जनमत-चाचणी संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ३७ टक्के अमेरिकन प्रौढांनी देवाने माणूस गेल्या दहा हजार वर्षांत आजच्याच रूपात निर्माण केला, हा पर्याय निवडला. १९८२ साली तेच प्रमाण ४४ टक्के होते.

याच मजल्यावर तारवाचा मोठा दरवाजा आहे. त्यावर प्रकाशाचा क्रूस पडतो आणि लोक त्यासमोर कुटुंबासह छायाचित्र काढतात. ख्रिस्त म्हणजे तारणाचा एकमेव दरवाजा, हा अर्थ ख्रिस्ती माणसाला नवा नाही आणि मला तो अमान्यही नाही. टेनेसीहून आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने आमचे छायाचित्र काढून दिले, आईला तिच्या गावातल्या चर्चविषयी आस्थेने विचारले आणि जाताना तिचा हात हातात घेऊन तिच्यासाठी छोटी प्रार्थना केली. या दोन दिवसांत भेटलेली बहुतेक माणसे अशीच होती, आणि मूलतत्त्ववादी म्हटले की डोळ्यांसमोर येणारा आरडाओरडा करणारा चेहरा मला तिथे एकही दिसला नाही. पण दरवाजाच्या अलीकडेच प्रलयापूर्वीच्या जगाचे देखावे आहेत, ज्यांत मूर्तिपूजा, नरबळी आणि डायनासॉरशी झुंजी दाखवून ते जग बुडण्याच्याच लायकीचे होते हे पटवले आहे. आईने तिथे मला हळूच विचारले, “अगं, त्यांची तान्ही पोरंही बुडाली असतील ना?” फलकांवर या प्रश्नाचीही दखल आहे, आणि देव न्यायी आहे असे उत्तरही आहे. आईने ते दोनदा वाचून घेतले आणि पुढे चालू लागली.

जगभरच्या प्रलयकथांचे एक दालनही आहे, आणि त्या कथा म्हणजे एकाच घटनेच्या बिघडलेल्या आठवणी, अशी मांडणी आहे. मनू आणि मासा यांची कथा ऐकत वाढलेल्या माणसाला तेथे थोडे थांबावेसे वाटते. आमच्या नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे म्हटले होते. या इमारतीत तसा पूल कल्पिण्याला जागा नाही. तुकोबा येथे फार तर बिघडलेली आठवण ठरले असते. मराठी ख्रिस्ती माणसाला हे ठिकाण परके वाटते ते मला वाटते याच जागी, डायनासॉरपाशी नव्हे.

पैशांचा भाग थोडक्यात. तारवाला दहा कोटी डॉलरांच्या आसपास खर्च आला. विल्यम्सटाउन गावाने ६ कोटी २० लाख डॉलरांचे रोखे काढले, आणि केंटकी राज्याच्या पर्यटन योजनेतून दहा वर्षांत १ कोटी ८० लाख डॉलरांपर्यंतच्या विक्रीकर-परताव्याची तरतूद होती. नोकरी देताना धर्माची अट घालणाऱ्या संस्थेला हा लाभ देणार नाही, असे राज्याने २०१४ साली म्हटले. संस्था न्यायालयात गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये जिंकली. येथे काम करणाऱ्यांना संस्थेच्या विश्वासनिवेदनावर सही करावी लागते, ज्यात सहा दिवसांच्या निर्मितीचाही समावेश आहे. अतिवृष्टीने पोहोचरस्त्याचे नुकसान झाले म्हणून तारवाच्या मालकांनी २०१९ साली विमा कंपन्यांवर दावा केला होता. वर्तमानपत्रांना यापेक्षा सोपा मथळा त्या वर्षी मिळाला नसेल.

प्रौढांचे तिकीट साठ डॉलरांच्या घरात जाते आणि वाहनतळाचे पैसे वेगळे पडतात, म्हणजे चौघांच्या कुटुंबाने विचार करूनच निघावे. मजल्यामजल्यांतून उतार आहेत, लिफ्ट आहेत, बाके भरपूर आहेत; गुडघे दुखणाऱ्या माणसालाही सहज फिरता येते, आणि स्वच्छता वाखाणण्यासारखी आहे. ‘एम्झाराज किचन’ हे भोजनगृह दीड हजार माणसे बसतील एवढे मोठे असून तिथे दक्षिणी पद्धतीचे भरपेट जेवण मिळते. आम्ही तळलेले चिकन घेतले आणि ते चांगले होते. प्रलयापूर्वी माणूस शाकाहारी होता आणि मांसाची परवानगी प्रलयानंतर, उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात मिळाली, असे याच संस्थेचे म्हणणे असल्यामुळे नोहाच्या बायकोच्या नावाने चिकन खाताना आम्ही प्रलयाच्या कोणत्या बाजूला बसलो आहोत, हा प्रश्न मात्र सुटला नाही.

दुसऱ्या दिवशीच्या संग्रहालयाविषयी जास्त लिहीत नाही. तारू पाहिल्यावर ते त्याच पुस्तकाचे जुने प्रकरण वाटते. मात्र त्याच वास्तूत ४ फेब्रुवारी २०१४ रोजी केन हॅम आणि विज्ञानप्रसारक बिल नाय यांचा वाद झाला होता. तुमचे मत कशाने बदलेल, असे दोघांना विचारले गेले. नाय यांचे उत्तर होते : पुरावा दाखवा, एकाच जीवाश्माचा दाखवा. हॅम यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की ते ख्रिस्ती आहेत आणि बायबल देवाचे वचन नाही हे त्यांना कोणीच पटवू शकणार नाही. लोक या उत्तरावर हसतात. मला ते त्या दोन दिवसांत ऐकलेल्यांपैकी सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते, कारण विश्वास असाच बोलतो, माझ्या आजोबांचाही तसाच बोलला असता. फक्त ते उत्तर खरे असेल, तर खालच्या मजल्यावर शेणाचे यंत्र कशासाठी बांधले?

विशेष म्हणजे ही दोन्ही ठिकाणे ज्या खडकावर उभी आहेत, तो सिनसिनाटीच्या परिसरातला ऑर्डोव्हिशियन चुनखडक साऱ्या जगात जीवाश्मांसाठी नावाजलेला आहे. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातल्या शिंपल्यांसारख्या जिवांचे ठसे तिथे रस्त्याकडेच्या कापलेल्या दगडांतही दिसतात. संग्रहालयाच्याच बून परगण्यात ‘बिग बोन लिक’ हे राज्य उद्यान आहे, जिथे सापडलेली मॅस्टोडॉन आणि मॅमथची हाडे मागवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी १८०७ साली विल्यम क्लार्क यांना पाठवले होते. प्रवेश फुकट आहे आणि झाडांची सावली दाट आहे. कोणी इतक्या दूर जाणारच असेल, तर तारवासाठी पूर्ण दिवस ठेवावा, लहान मुलांना जरूर न्यावे, परंतु त्यांना प्रश्न विचारू द्यावेत, आणि परतताना या उद्यानात तासभर थांबावे.

रात्री हॉटेलात आईने पिशवीतून शिवणकामाची टेप काढली आणि मला तिचा हात मोजायला सांगितला. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत तो सतरा इंच भरला. तीनशेने गुणून मी फूट काढले : ४२५. म्हणजे तिच्या हाताने मोजलेले तारू विल्यम्सटाउनच्या तारवापेक्षा ८५ फुटांनी, नेमके त्या तारवाच्या रुंदीइतके, आखूड होत होते. “पुरेल,” आई म्हणाली, आणि टेप गुंडाळून ठेवून दिली.